पायांना न विचारता

मार्गशीर्ष लागला की माणदेशातला माळ सोनसळी होतो. रुपेरी कुसळं, तांबूस मुरूम, दवभिजलं पिंगट गवत. वर निरभ्र, नितळ, निळंशार आकाश. आणि क्षितिजावर पवनचक्क्यांची संथगती, शुभ्रबाहू रांग. ऊन चढतं तसं अवघं पठार हळद लागल्यागत उजळतं. वारा तेवढा थांबत नाही.

त्या सुवर्णधूसर उजेडातून रोज एक सायकल जायची. काळी, कृश, निराभरण सायकल. ना टोपली, ना घंटी, ना स्टँड. जयमाला गडदे नावाची बाई ती चालवायची. बिरूतात्यांची सून. आणि त्या सायकलीच्या मागच्या चाकातली एक गोष्ट गावाच्या डोळ्यांत वर्षभर सलत होती.

या सायकलीचं पायडल थांबायचं नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. तुमच्याआमच्या सायकलीवर उतार लागला की आपण पाय सोडून निवांत बसतो आणि सायकल कर्रकर्र करत आपली आपण उतरते. इथे तसले लाड नाहीत. चढाला पाय, उताराला पाय, वळणाला पाय. हळू जायचं तर पायांनीच मागे रेटायचं, आणि थांबायचं तेही पायांनीच. गावातले सायकलवाले सत्तार मिस्त्री तिला 'फिक्स' म्हणत. बाकीचा गाव 'येडी सायकल' म्हणे.

येडी! ज्यांनी तिच्या हँडलला कधी बोट लावलं नाही, त्यांनी बसल्या पारावरून ठरवून टाकलं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

जयमाला शाळेत असताना सायकलींच्या राज्य स्पर्धेत उतरली होती. गोल, उतरत्या, आरशासारख्या गुळगुळीत ट्रॅकवर. लग्नात तिने बापाला सांगितलं, भांडी नकोत, माझी सायकल तेवढी बरोबर द्या. नवरा गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी आटवायला, दूर कोइंबतूरला. घरी सासरे, दोन म्हशी आणि दारापासून सुरू होणारा हा अफाट, अनिर्बंध माळ. पुढे ती पशुसखी झाली. वस्त्यावस्त्यांवर फिरून शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची. ट्रॅकवरच्या त्या सायकलीला तिने बसतील तेवढे जाड टायर घातले आणि थेट मुरमावर काढली.

आणि काय शोभली ती तिथे! चिखल धरून बसायला गिअर नाहीत. धुळीने कुरकुरायला नाजूक भाग नाहीत. ओढ्याला पाणी असलं की उचलली, खांद्यावर टाकली, पलीकडे गेली. मुरूम कुठे सैल झालाय हे डोळ्यांना कळायच्या आत तळपायांना कळायचं. हो, खडकाळ जागी पायडल दगडाला लागायचं, तेही खरं. तिथे ती निमूट उतरून चालायची. भाद्रपदात एकदा असंच पायडल लागलं, ती पडली, गुडघा फुटला. तिने लपवलं नाही. अहो, मोटारसायकलवरून माणसं पडत नाहीत? आपल्या पंचायतीतले निम्मे मेंबर पडलेत, आणि तेही डांबरी रस्त्यावर!

पण कोवळ्या, केशरकिरणी सकाळी, गुडघाभर गवतातून, अंगावर वारा घेत ती निघाली की पाहावं. पाय फिरत, चाक फिरे. चाक फिरे, पाय फिरत. दूर पवनचक्की फिरे. श्वासाला लय सापडे, लयीला वाट सापडे, आणि मैलभर रान कधी मागे पडलं ते कळत नसे. तिला त्या वेळी फार सुख व्हायचं. घरातली एकही विवंचना तेव्हा तिच्या मनात नसायची.

गावाला मात्र फुटलेला गुडघाच दिसला. सरपंच दामूअण्णा येता-जाता म्हणत, "तात्या, सून तुमची पोरीसारखी. तिच्या सायकलीला साधा ब्रेक न्हाई. उद्या काय इपरीत झालं तर?" तात्या बिचारे घाबरट मनाचे. रात्रंदिवस घोर लागला त्यांना. सगळ्यांना कळवळा आला. सगळ्यांनी बैठक घेतली, सगळे बोलले. जिचे पाय, तिला मात्र कोणी विचारलं नाही.

त्या वर्षी गावात एकही शेळी रोगाने दगावली नव्हती. मग जयमालाचा सत्कार ठरला. सत्कार म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी खुर्चीत बसवतात आणि मग त्याला काही बोलता येत नाही. आदल्या सांजेला तात्या म्हणाले, "सूनबाई, सायकल जरा धुऊन आनतो." तिला बरं वाटलं. मामा, म्हणजे सासरे, कधी नव्हे ते सायकलीला हात लावतायत म्हणून तिने हौसेने फडकं सुद्धा दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव. कर्ण्यातून सनई. शाल, श्रीफळ, गुलाबाचा हार. तिच्या पायाशी लशीचा बर्फाचा डबा, कारण पलीकडच्या गावात शेळ्यांचा रोग आला होता आणि ओढ्यापलीकडच्या दोन वस्त्या, हाके वस्ती आणि मेटकरी वस्ती, पहाटेपासून शेळ्या वाड्यात कोंडून तिची वाट पाहत होत्या. डब्यात दोन बाटल्या, एकेका वस्तीला एक. बर्फ वितळायच्या आत लस टोचून झाली पाहिजे, नाहीतर वाया. तिचं सगळं ध्यान त्या डब्यात.

आणि अण्णांनी पडदा ओढला. 

गुलाबी! डोळ्यांत खुपणारा, कडक, चकचकीत गुलाबी रंग. पुढे टोपली, हँडलवर घंटी, खाली स्टँड, मागे पत्र्याचं मडगार्ड, आणि मडगार्डवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत: 'सौजन्य – समस्त ग्रामस्थ'. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. तिची ती तन्वंगी, श्यामल, वेगवेडी सायकल त्या सगळ्या साजात ओळखू सुद्धा येईना.

"आनि मुख्य म्हंजे," अण्णा कर्ण्यात म्हणाले, "येडं चाक काढून शहाणं चाक बशिवलंय. आता उताराला पाय हालवायचं काम न्हाई. ब्रेक दाबला की थांबली!"

टाळ्या पडल्या. जयमालाने तात्यांकडे पाहिलं. म्हातारा डोळे पुसत होता, आनंदाने. अंगावर शाल, हातात नारळ, समोर आख्खा गाव आणि डब्यात पाघळणारा बर्फ. बोलायचं तरी काय आणि केव्हा? तिने ओठ आवळले, डबा मागे बांधला आणि शालीसकट निघाली.

गाव संपतं तिथेच वाघजाईचा उतार आहे. अरुंद, सैलमुरमी, वळणावळणाची पायवाट, थेट ओढ्यापर्यंत. मोटारसायकलला तिथे वाट नाही. फेऱ्याने अठरा किलोमीटर पडतात. रोजच्यासारखी ती उताराला लागली आणि रोजच्यासारखा पायांनी मागे रेटा दिला.

पायाखाली काही नव्हतं.

पायडल भिरभिरत मागे गेलं. चाक बदललंय हे तिला कळलं होतं. पायांना कोणी सांगितलं नव्हतं. देह एकीकडे, सायकल दुसरीकडे. हाताने घाबरून तो नवा ब्रेक आवळला, सैल मुरमावर पुढचं चाक घसरलं, आणि गुलाबी सायकल, गुलाबाचा हार, नारळ, डबा, जयमाला, सगळं त्या तांबूस वाटेवर विखुरलं. बर्फाचे खडे मुरमात लोळले. एक बाटली फुटली.

कोपर सोललं होतं. तिकडे तिने पाहिलं सुद्धा नाही. फुटलेल्या बाटलीच्या काचा तिने एकेक करून शालीच्या पदरात वेचल्या, दुसरी बाटली मुठीत धरली, आणि सायकल खांद्यावर टाकून ती उतार परत चढली. चढताना तिला रडू येत होतं. वर पोचेस्तोवर रडू गेलं आणि संताप उरला.

मांडवात जिलेबी वाढत होते. ती थेट अण्णांच्या पुढ्यात गेली आणि काचा त्यांच्या पत्रावळीशेजारी ठेवल्या.

"ही मेटकरी वस्तीची लस. नवीन यायला आठ दिवस. तवर रोग आला तर त्यास्नी सांगायला तुमी जाणार का मी?"

अण्णांचा घास हातातच राहिला. "पोरी, लागलं का तुला? आमी तुज्या काळजीपोटी..."

"काळजीपोटी!" तिचा आवाज कर्ण्याशिवाय शाळेच्या भिंतीपर्यंत गेला. "काळजी व्हती तर इचारलं का न्हाई? बैठका घेतल्या, वर्गणी काढली, रंग निवडला. घंटीचा आवाज सुदिक वाजवून बघितला असंल. मला एक शब्द इचाराया कुणाची जीभ झडत व्हती?"

कोणीतरी पुटपुटलं, बाईमाणसानं एवढं बोलू नये. जयमालाने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि तो जिलेबीकडे पाहू लागला.

तात्या पुढे आले. हात जोडलेले. "माजी चूक हाय. म्याच दिली सायकल. तू पडलीस तवापास्नं डोळ्याला डोळा न्हाई गं. वाटलं, उताराला तरी तुज्या पायास्नी इसावा."

त्यांना ओरडणं तिच्या जिवावर आलं. पण गिळायचं ते तिने मघाशीच गिळून पाहिलं होतं, आणि त्याच्या काचा झाल्या होत्या.

"मामा," ती म्हणाली, "चाळीस वर्सं मेंढरं राखली तुमी. उताराला शेळी कधी बूड टेकून घसरत जाती का?"

तात्यांची मान नकारार्थी हलली.

"पाऊल पाऊल टाकूनच उतरती न्हवं? तिच्या पायास्नी इसावा म्हणून पाय बांधून सोडली तर?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं कोण जाणे. कितीतरी कडे, कितीतरी कळप, कितीतरी जपून टाकलेले खूर. मग ते वळून म्हणाले, "सत्तार, जुनं चाक कुठं हाय?"

सत्तार मिस्त्री मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. "दुकानात टांगून ठेवलंय, तात्या. फेकवत नव्हतं. पंचायतीनं सांगितलं म्हणून हात चालवला, पण बेटी, ती रात माझी चांगली गेली नाही."

चाक आलं. पाना आला. तिथेच, मांडवात, कर्ण्याखाली, जिलेबीच्या वासात मिस्त्रींनी शहाणं चाक काढलं आणि येडं चाक बसवलं. टोपली निघाली. घंटी निघाली. स्टँड निघालं. सौजन्याचं मडगार्ड तात्यांनी स्वतःच्या हाताने उपटलं आणि अण्णांच्या खुर्चीला टेकवून ठेवलं. मिस्त्रींचा पाना पुढच्या ब्रेककडे गेला, तसा जयमालाने त्यांचा हात धरला.

"त्यो ऱ्हाऊ द्या. हाताला सवय करीन त्याची. इचारलं असतं तर ब्रेक मीच मागून घेतला असता."

मग मात्र अण्णांनी मान खाली घातली.

सरबताच्या पातेल्यातला बर्फ डब्यात गेला, त्यावर उरलेली बाटली. ऊन लागू नये म्हणून तिने डब्याला सत्काराची शाल घट्ट गुंडाळली. गावाने आजवर इतक्या शाली वाटल्या. त्यांतली एक तरी कामाला आली. "मेटकऱ्यांकडं मी फेऱ्यानं जाऊन सांगतो," अण्णा हळूच म्हणाले. "सांगा," ती म्हणाली, "आनि का उशीर झाला तेबी सांगा."

तात्या काठी टेकत तिच्या मागोमाग उताराच्या तोंडापर्यंत आले. जाऊ नको म्हणाले नाहीत. जपून जा, असंही म्हणाले नाहीत. फक्त बाजूला उभे राहिले.

माथ्यावरचं ऊन आता पांढरं, प्रखर, निःसंकोच झालं होतं. कुसळं लखलखत होती. गुलाबी सायकल उताराला लागली. आणि पाय फिरले. चाक फिरे, पाय फिरत. पाय रोखत, चाक थबके. सैलमुरमी, वळणवळणाच्या त्या वाटेवर ती वेगाला मुठीत धरून उतरत होती, पाऊल पाऊल, वळण वळण. मघा जिथे पडली होती तिथे वेग आणखी मंदावला, सांडलेल्या बर्फाने ओल्या मुरमाला वळसा पडला, आणि ती पुढे गेली. खाली ओढ्याचं पाणी चमकत होतं. पलीकडून, वाड्यातून, भुकेल्या शेळ्यांचं बेंबें वाऱ्यावर येत होतं.

वर बिरूतात्या उभे होते, दोन्ही हात काठीवर. खाली प्रत्येक वळणाला ती मागे रेटा देई; आणि वर, त्यांच्याही नकळत, त्यांचा उजवा पाय मुरमात हळूच रेटा देई.