पांझरेकाठचा पहिला घडा

धुळ्यातल्या त्या घरात सकाळच्या भाकरी चालल्या होत्या. नगरपालिकेतला कारकून अभिमन चहा अर्धा टाकून सारखा दारात जात होता. आज नदीकाठच्या बागेचं उद्घाटन होतं.

ही गोष्ट १९८७ची. "उकिरड्यावर बाग कशाला, पुरात वाहून जाईल," असं लोक म्हणत होते, तेव्हा अभिमनची आई द्रौपदाबाई घरोघर फिरली. "पोरं काय गटारमा खेळतीन का?" असं विचारत तिने वर्गणीत आधी स्वतःची मंगलपोत घातली. नवरा वारल्यापासून ती डब्यातच पडून होती. विधवेनं सोनं दिलं म्हटल्यावर इतरांचेही हात सैल झाले. उन्हाळाभर रोपंही तिनेच जगवली.

एवढ्यात बाग समितीचे अध्यक्ष देवचंदनाना आले. पूर अडवणाऱ्या भिंतीचा खर्च देणारे शेठ आज येणार होते.

"बेबा, पहिला झाडले पाच सवाष्णी पाणी घालतीन. तू त्यामा शे," नाना अभिमनच्या बायकोला म्हणाले. मग आवाज उतरवून द्रौपदाबाईला, "अक्का, तुम्ही जरा मांगे बसा. शेठना घरना लोके शुभ-अशुभ मानतस."

"बसस ना. मनं काय, बाग व्हवाले पाहिजे," द्रौपदाबाई म्हणाली. तव्यावरची भाकरी मात्र करपली.

मांडवात शेठ पुढे येऊन बसले आणि बेबाच्या हाती घडा आला. शेवटच्या रांगेत तोंडाला पदर लावून बसलेली सासू तिला दिसली. बेबा जागची हलेना.

"नाना, आत्याबाईनं सोनं चालनं, मंग त्यासना हात का चालत नही?"

"आत्ता नको, भिंत जाईल," अभिमन कुजबुजला.

"तं जाऊ द्या."

तिने मागे जाऊन घडा सासूच्या हातात दिला.

"पोरी, बाग जाई वं," द्रौपदाबाई पुटपुटली. तरी ती उठली, झाडापर्यंत गेली आणि तिने पाणी घातलं.

शेठ गाडीत बसून निघून गेले. भिंत झाली नाही. पुढच्या पावसाळ्यात पांझरेनं निम्मी बाग नेली. उरलेल्या झाडांखाली मुलं खेळतात, आणि एका सुनेच्या हट्टापायी भिंत गेली, असं मोठी माणसं त्यांना सांगतात. शेठचं नाव त्यात येत नाही.

मुलं कधीतरी विचारतील, विधवेनं झाडाला पाणी घातलं तर भिंतीचे पैसे का थांबतात? त्यांना पटेल असं उत्तर आपल्यापैकी कोणाजवळ आहे?