शिटीनंतरचा नमस्कार

मी एक जुना उजवा बूट आहे. फुटबॉलचा. मित्रांनो, माझा डावा भाऊ इथेच शेजारी बसला आहे, पण तो पहिल्यापासून मुखदुर्बळ. शिवाय बहुतेक गोल मीच मारले, तेव्हा बोलण्याचा मानही माझाच.

माझा जन्म जालंधरच्या कारखान्यातला. तिथून ट्रकने, मग बसने, मी नेपाळातल्या धरान गावी एका दुकानात पोचलो. २००२ साली देउमान लिंबूने मला पायात घातलं. धरानच्या मैदानावरून आम्ही काठमांडूच्या क्लबात गेलो, आणि दोन सामने तर त्याने देशाची लाल जर्सी घातली होती. हजारो लोक त्याच्या नावाचा जयघोष करताना मी ऐकले आहेत. त्या दिवसांत माझा तोरा काही विचारू नका!

२००५ साली त्याच्या बायकोला स्लाऊच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली आणि आम्ही इंग्लंडला आलो. इथे देउमानला कोण ओळखणार? आठवडाभर हीथ्रोला सामान चढवायचं, आणि शनिवारी हाउन्सलोच्या एका छोट्या क्लबकडून खेळायचं. चिखल तर असा, की माझे खिळे दिसायचेच नाहीत.

पण खरी पंचाईत चिखलाने केली नाही, ती केली नमस्काराने. कुणाला पाय लागला, तर त्याला हात लावून तो हात कपाळाला न्यायचा, हे तुम्हाला तुमच्या आईने शिकवलं असेल. देउमानलाही त्याच्या आईने शिकवलं होतं. धरानमध्ये समोरचा खेळाडूही तेच करी, त्यामुळे कुणाचं अडत नसे. इथे पहिल्याच सामन्यात मी एकाच्या नडगीला लागलो. देउमान सवयीने वाकला, आणि तेवढ्यात तो पठ्ठ्या चेंडू घेऊन पळाला तो थेट गोल करूनच थांबला.

कोच गॉर्डन लालबुंद झाले. "मॅच खेळायला आलायस की प्रेयर करायला? पुन्हा असं झालं तर आधी बेंच, मग घर!"

पुढच्या शनिवारी देउमानने हात आवरला. आम्ही जिंकलोसुद्धा. पण सामन्यानंतर तो भाताचा डबा मांडीवर घेऊन नुसताच बसून राहिला. खेळाडूंचे मुरगळलेले पाय बघायला दर शनिवारी पिनरहून एक डॉक्टर यायच्या, मधुमतीबाई, मूळच्या साताऱ्याच्या. देउमान त्यांना दिदी म्हणे. दोघांचं बोलणं हिंदीत चाले.

"दिदी, आज तिघांना पाय लागला. एकालाही हात लावला नाही. घास उतरत नाहीये."

मधुमतीबाई हसल्या नाहीत. "अरे, वॉर्डमध्ये पेशंटला चुकून पाय लागला, तर माझाही हात आपोआप जातो. आपली सवय आहे ती, सोडू नकोस. फक्त आधी पळ. शिटी वाजली, की नमस्कार कर."

एवढं सोपं होतं बघा! तेव्हापासून शिटी वाजली रे वाजली, की देउमान ज्याला ज्याला पाय लागला त्याला शोधत निघायचा. सुरुवातीला लोकांना वाटे, हा मारायलाच येतोय. दोघे तर चक्क पळाले. मग सवय झाली. काही जण त्याला बघून स्वतःच नडगी पुढे करू लागले.

मे २००७ मध्ये आम्ही कपच्या फायनलला पोचलो. एका मोठ्या क्लबचा माणूस खास देउमानचा खेळ बघायला आला होता. आवडला तर पगारी खेळाडू, नाहीतर जन्मभर सामान चढवणं, हे देउमानला आणि आम्हा दोघा बुटांनाही ठाऊक होतं. एक-एक अशी बरोबरी, पाच मिनिटं उरलेली. देउमानने चेंडू काढून घेतला, आणि समोरचा गडी पाय धरून किंचाळत आडवा झाला. शिटी वाजली. रेफ्रीचा हात खिशाकडे गेला. लाल कार्ड!

मित्रांनो, मी त्याला लागलो नव्हतो. शपथेवर सांगतो, केसभरही नाही. पण बुटाची साक्ष कोण काढणार? इतका हतबल मी कधीच झालो नव्हतो.

देउमान जागचा हलला नाही. तेव्हा त्यांचाच कप्तान पुढे आला. डेव्ह नावाचा धिप्पाड प्लंबर. गेल्या मोसमात देउमानने त्याला तीनदा नमस्कार केला होता.

"रेफ, थांबा. हा वाकला नाही," तो म्हणाला. "पाय लागला असता तर हा वाकला असता. अख्ख्या लीगला माहीत आहे." आणि मग आपल्या गड्याला, "ऊठ, टॉमी. नाटकं पुरे."

टॉमी ओशाळला आणि उठला. रेफ्रीने कार्ड खिशातच ठेवलं आणि चेंडू मध्ये टाकला. गोंधळात तो नेमका माझ्यासमोर आला. लांबून, सगळा जीव एकवटून मी त्याला असा लगावला की जाळी थरारली. दोन-एक! गॉर्डननी मधुमतीबाईंना मिठी मारली आणि लगेच सॉरी म्हटलं. कप हातात घेण्याआधी देउमान मात्र डेव्हकडे गेला. पाय लागला नव्हता, तरी वाकला.

पुढची दोन वर्षं आम्ही पगारी खेळलो. मग माझा तळ सुटला. "जोडा कुणाला भेट देतात का, दिदी?" म्हणत संकोचून त्याने मला आठवण म्हणून मधुमतीबाईंकडे दिलं, कारण त्यांच्या दहा वर्षांच्या आश्लेषाला फुटबॉलचं वेड लागलं होतं. आता मी पिनरला दाराशी असतो. माझे भाऊबंद तुमच्याही दाराशी असतील. त्यांच्यावरचा चिखल वाळण्याआधी पुसत जा, एवढंच मागणं.

परवा आश्लेषा शाळेतून धावत आली आणि मला ठेचकाळली.

"ओह, आई! माझी पाय लागली याला."

ती वाकली, मला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. सात वर्षं मी लोकांना लागत राहिलो आणि नमस्कार त्यांना मिळत गेले. हा पहिला माझा.