दातांच्या तारा आणि उत्तरायण

माझ्या आजोबांना एकदा पतंगाने उचलून नडियादहून थेट खंभातला नेलं. तिथे सूतरफेणी खाऊन ते संध्याकाळच्या गाडीने परत आले. दर उत्तरायणाआधी, पतंगांची संक्रांत तोंडावर आली की, मी हे माझ्या नातीला, बारा वर्षांच्या जिनलला, सांगते. ती म्हणते, "बा, फेकू नकोस." गेल्या वर्षी तर तिने गाडीचं तिकीट मागितलं.

यंदा म्हणाली, "असेल."

तिथेच मी समजले, पोरीचं काहीतरी बिनसलंय.

वर म्हणाली, "मी यंदा अगाशीवर येणार नाही." दिवाळीपासून गच्चीत मांजा गुंडाळणारी पोर ही. फोन वाजला की दचकायची, उलटा करून ठेवायची. सुनेने, तोरलने, मीठ-मिरच्या ओवाळल्या. माझा केतन म्हणाला, "फोनचं खूळ आहे," आणि फोन कपाटात टाकला.

दातांना तारा बसवल्यापासून जिनल तोंडावर हात ठेवून बोलायची. मी चिक्की घेऊन तिच्याजवळ बसले. "तुझ्याएवढी होते ना, तेव्हा माझे दात इतके पुढे होते की मी घरात शिरेपर्यंत ते पाणी पिऊन बसायचे."

ती हसता हसता रडली. "वर्गाच्या ग्रुपवर माझा फोटो फाटक्या पतंगावर चिकटवलाय. रोज नवीन. समोरचा वृतिक करतो. पप्पांनी फोन काढून घेतला तरी ते हसतातच ना. फक्त मला दिसत नाही."

दारात उभा राहून ऐकणारा केतन लाल झाला. "उत्तरायणाला अगाशीवर भोंगा लावतोच आपण. त्यावरून त्याची लाज काढतो, बापासकट."

"म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल," मी म्हटलं. "बस खाली. तिला विचार तिला काय हवंय."

जिनल म्हणाली, "ते फोटो जावेत. आणि पप्पांनी ओरडू नये."

केतनला दुसरी गोष्ट जड गेली. पण त्याने फोन परत दिला. तोरलने एकूण एक फोटो तारखेनुसार जपून ठेवले आणि वर्गाच्या बाईंना पाठवले. मी आणि केतन चिक्कीची थाळी घेऊन समोर गेलो.

वृतिकची आई रश्मिताबेन म्हणाली, "बा, पोरं मस्करी करतात."

मी एकेक फोटो तिच्यापुढे धरत गेले. सातव्याला तिने हातातली चिक्की खाली ठेवली. अकराव्याला वृतिकला हाक मारली. फोटो त्याने आईसमोर पुसले, ग्रुपवर माफी लिहिली. दुसऱ्या दिवशी बाईंनी ग्रुपच बंद केला.

उत्तरायणाला दुपारपर्यंत जिनल वर आली नाही. मी एकटी मांजाची फिरकी धरून बसले होते, आंधळ्याने आरसा धरावा तशी. मग आली, तोंड मिटून. तासाभराने तिने कुणाचा तरी पिवळा पतंग कापला आणि सगळ्या तारा दाखवत ओरडली, "काइपो छे!"

मी म्हटलं, "दिकरी, तुझ्या तारांवर ऊन असं चमकलं, अहमदाबादचं विमान इकडे उतरायला लागलं होतं."

तिने दोरीवरची नजर काढली नाही.

"बा, फेकू नकोस. फिरकी नीट धर."