सरनोबतांचं बोट

त्या रविवारी सांगलीच्या सभागृहात ग्रँडमास्टर ऋषिराज सरनोबत एकाच वेळी वीस जणांशी बुद्धिबळ खेळणार होते आणि पंच होते मी. एरवी मी शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग घेते.

सांगलीत या खेळाचं वेड जुनं. चहाच्या कपावर माणसं आवडत्या खेळाडूंवरून भांडतात. कुणाला जुना जगज्जेता ताल हवा, कारण तो मोहरे बेधडक उधळायचा. कुणाला कार्पोव्ह, तो समोरच्याला हळूहळू आवळत न्यायचा म्हणून. माझे मात्र सरनोबत. एका परदेशी स्पर्धेत त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला पटावरच भोवळ आली. नियमाप्रमाणे डाव सरनोबतांना मिळत होता, तो त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच स्थितीतून पुन्हा खेळले आणि हरले. हा डाव मी दहा वर्षं मुलांना शिकवत आले होते.

सुरुवातीला मी माइकवर नियम सांगितला, "ग्रँडमास्टर चाल करून पुढच्या पटाकडे वळले, की ती चाल पक्की. मागे घेता येणार नाही." सरनोबत हसून म्हणाले, "मॅडम कडक दिसतात." लोक हसले. मीही हसले.

चौदाव्या पटावर ज्ञानू मोहिते बसले होते. पलूसकडचे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, वय अडुसष्ट. खेळ शिकले ते पठाणकोटच्या बराकीत. आज इस्त्रीचा सदरा घालून, पहिल्या गाडीनं आले होते. प्रत्येक चाल कागदावर ठळक अक्षरांत लिहीत होते.

दोन तासांनी सात-आठच डाव उरले. सरनोबतांनी चौदाव्या पटावर वजीर पुढे सरकवला आणि ते पुढे गेले. मी मागेच उभी होते. चाल बघून मी एक पाऊल पुढे झाले. ज्ञानूकाकांच्या घोड्याची एकच उडी, आणि राजाला शह बसून सरनोबतांचा वजीर मारला जाणार होता! काकांनाही ते दिसलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, चुकून घाई होऊ नये म्हणून.

फेरी मारून सरनोबत परत येत होते. दोन पट अलीकडेच त्यांची नजर तिथं गेली आणि चेहऱ्यावरचं हसू क्षणभर गोठलं. पटापाशी आल्यावर ते मागे बघत उभ्या असलेल्या पोरींना म्हणाले, "या, इथं फोटो काढू." त्यांनी टेकायला म्हणून डावा हात पटावर ठेवला. साऱ्यांचे मोबाईल त्यांच्या तोंडाकडे रोखलेले. काकाही मान वर करून मोबाईलकडे बघत होते. सरनोबतांच्या करंगळीनं वजीर एक घर बाजूला सरकवला.

मी ते बघितलं. पाल अंगावरून जावी तसं झालं मला.

काकांनी घोड्याकडे नेलेला हात थांबला. "आवं सायेब, वजीर हितं व्हता न्हवं?"

"आजोबा, तो तिथंच आहे. एकदा डोळे तपासून घ्या."

सगळे खो खो हसले. काका ओशाळले. "आसंल. मोतीबिंदू काढल्यापासनं जरा हुतंय आसं," म्हणाले आणि त्यांनी घोड्याची ती उडी सोडून दुसरीच चाल केली.

मी तोंड उघडलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. वाटलं, चुकून धक्का लागला असेल. आत्ता ते स्वतःच म्हणतील. ते म्हणाले नाहीत. पाऊण तासानं काका हरले. उठून त्यांनी दोन्ही हातांनी सरनोबतांचा हात धरला. "माफ करा सायेब, मगाशी उगाच बोललो म्या."

"चालतं हो," सरनोबत उदारपणे म्हणाले.

ते 'चालतं हो' मला ऐकवेना. मी काकांचा कागद उचलला. वजिराचं खरं घर स्वच्छ लिहिलेलं होतं. मी मोठ्यानं म्हणाले, "चौदाव्या पटावर वजीर हलवला गेलाय. मी बघितलंय. हा डाव ग्रँडमास्टरांना देता येणार नाही."

संयोजक जयराज धावत आले. "बाई, पाहुण्यांसमोर काय हे! आपला घरचा कार्यक्रम."

सरनोबत चिडलेसुद्धा नाहीत. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "लोकांची करमणूक झाली, आजोबांनाही फोटो मिळाला. तुम्ही कशाला मनावर घेता? या, तुमच्यासोबतही एक काढू." त्यांनी माझ्या खांद्याकडे हात आणला. अत्तराचा वास आला. मी मागे सरकले.

शेवटचा डाव संपल्यावर निकालपत्रावर मी एकोणीस विजय, एक पराभव लिहिला आणि सही केली. जयराजनी ते घडी घालून खिशात टाकलं आणि माइकवर वीसपैकी वीस जाहीर केले. टाळ्या किती वेळ चालल्या! दुसऱ्या दिवशी पेपरातही वीसच छापून आले.

ज्ञानूकाकांना मी स्कूटरवरून बसस्थानकावर सोडलं. पलूसची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवून ते वळले.

"बाई, तुमी तवाच बघितलं व्हतं?"

"हो, काका."

"मंग एवढा येळ मला आंधळा का म्हनू दिलंसा?"

आवाजात राग नव्हता. कंडक्टरनं दार ओढून घेतलं, गाडी निघाली. तिथल्या नळावर मी हात धुतले, दोनदा धुतले, तरी शिसारी जाईना. ती आता एकट्या सरनोबतांची राहिली नव्हती.