ऑपरेशनच्या दारापर्यंत

मी एक जुनी ट्रॉली आहे, मित्रांनो. ऑपरेशनला माणसं नेणारी. माझं आयुष्य सलग नाही. कोणी ढकललं की सुरू होतं, सोडलं की थांबतं. म्हणून सांगणारही तसंच, तुकड्यातुकड्यांनी.

ढकला.

जळगावच्या एका वर्कशॉपमध्ये लोखंडी नळ्या वाकवून, जोडून मला उभं केलं. चाळीसगावकडच्या या दवाखान्यात आले त्या दिवशी सगळ्यांनी माझ्या पांढऱ्या रंगावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी कौतुक संपलं आणि काम सुरू झालं. आता रंग उडालाय, गादी उसवलीय आणि चाकांना तेल मिळून किती दिवस झाले कोण जाणे.

थिएटरच्या आत मला प्रवेश नाही. दारापर्यंत नेते, तिथून आणते. पण माणूस कसा निजतो यावरून त्याला काय झालंय ते मी ओळखते. गुडघे पोटाशी घेऊन कण्हणारा बहुधा अपेंडिक्सचा. आतड्याचं ते सुजलेलं शेपूट वेळेत काढलं नाही तर फुटतं आणि पोटात पू पसरतो. केळीचे घड उचलून उचलून जांघेत गाठ आलेला हर्नियाचा. बाहेर डोकावणारं आतडं आत सारून तिथं जाळी लावतात. पाय फळीला बांधलेला मोटारसायकलवाला. त्याच्या मोडलेल्या हाडात सळई बसते. अडलेली बाळंतीण एकटी जाते आणि येताना दोघं असतात. सिझेरियन मला सगळ्यात आवडतं. मोतीबिंदूवाले आजोबा तर माझ्यावर चढतच नाहीत. चालत जातात, धूसर भिंग बदलून, डोळ्याला पट्टी लावून चालत येतात.

थांबा.

भिकुबाई उजव्या बरगडीखाली हात दाबून निजली होती. पित्ताशयात खडे. दोन वर्षांत दोनदा तारीख मिळाली. एकदा कापूस वेचणीला आला, एकदा लेकीचं बाळंतपण आलं. दोन्ही वेळा ती गेलीच नाही. गेल्या महिन्यात पोटातल्या कळांबरोबर ताप चढला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, आता पुढं ढकललं तर पित्ताशयात पू होईल, जिवावर बेतेल.

सकाळी मी तिच्या खाटेला लागूनच उभी होते. तिची थोरली जाऊ बेबाबाई आली आणि पदराआडून वाटी काढली. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवायची, ही रीत. "उपाशीपोटे कोनी धाडतस का?" म्हणत तिनं अर्धी वाटी दही खाऊ घातलं.

थोड्या वेळानं वॉर्डबॉय भिकनभाऊ आला.

"अक्का, काही खाल्लं-प्यालं नाही ना?"

"नही ना भाऊ," भिकुबाई म्हणाली. खरं सांगितलं तर तारीख जाईल, ही एकच भीती.

ढकला.

भिकनभाऊला गप्प राहून ढकलता येत नाही. "परवा एक जण पोहे खाऊन आला. लपवलं त्यानं. मिशीत शेंगदाणा सापडला."

"मंग काय व्हयनं?"

"परत वॉर्डात. भूल दिली की गिळायची शुद्ध राहत नाही, अक्का. पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं, तर माणूस खड्यानं नाही, न्याहारीनं जातो."

भिकुबाईनं माझा दांडा धरला. तिच्या मुठीचा घाम मला कळत होता. मला तोंड असतं तर मी बोलले असते. नाही, म्हणून फक्त कुरकुरले.

दाराशी भूल देणाऱ्या सुलक्षणा मॅडम होत्या. त्यांनीही तेच विचारलं.

"मॅडम, मी दही खादं," भिकुबाई म्हणाली. "साखर बी व्हती."

"किती वाजता?"

"सातले."

"मग आज नाही. पण सांगितलंत ते फार बरं केलंत. उद्या सकाळी घेऊ."

थांबा.

मागून बेबाबाई पुढं आली. तिचा चेहरा उतरला होता, पण तोंड चालू होतं. "सकाय ते अमावस शे. अमावसले पोट फाडतस का कोनी? चाल घर. दिवाळीनंतर देखू."

भिकनभाऊ म्हणाला, "उतरा अक्का. हाडाचा पेशंट वाट बघतोय."

ती उतरली नाही.

"मी घर जावाव नही. घर गऊ ते कापूस शे, ढोरं शेतस, बठ्ठं शे. मन्हा नंबरच लागत नही."

"अमावस शे ना पन," बेबाबाई म्हणाली.

"अमावस आभायमा शे, मन्हा पोटमा नही." मग मॅडमकडे वळून, "तुम्ही लिखी द्या. सकाय पहिला नंबर. मंग मी उतरस."

मॅडमनी यादीवर तिचं नाव सगळ्यात वर लिहिलं. तिनं ते वाचून घेतलं, माझ्यावरून उतरली आणि आपल्या पायांनी वॉर्डात परत गेली. बेबाबाईही घरी गेली नाही. संध्याकाळी शेजारच्या खाटेवरच्या उपाशी ठेवलेल्या बाईला कोणी चहा देऊ लागलं, तर तिनं कपच काढून घेतला.

ढकला.

अमावस्येच्या सकाळी भिकुबाई पहिली. मी दाराबाहेर थांबले. आत पोटाला चार लहान छिद्रं पाडून, दुर्बिणीनं बघत, खड्यांसकट पित्ताशय काढलं. ती बाहेर आली तेव्हा गुंगीत होती, पण बरगडीखाली दाबलेला तो हात सैल सुटून गादीवर पडला होता.

मित्रांनो, माझ्या चाकांना तेल घाला, ही विनंती आहेच. पण तुमच्या घरातही एखादी आई, एखादी काकू कूस दाबून भाकरी थापत असेल, 'नंतर बघू' म्हणत असेल. तिला तारीख विचारा. तिच्या वाटची कामं वाटून घ्या. डॉक्टरांनी उपाशी ठेवा म्हटलं तर उपाशी ठेवा, आणि त्या दिवशी तिला इथं घेऊन या. पुढचं अंतर मी पाहून घेईन.