चौथी रांग

प्रशिक्षक हेन्नादी शुल्हाने राखीव खेळाडूंच्या बाकावरून उठून मागे पाहिले. चौथ्या रांगेत, दिव्यांच्या खांबाखाली, कोणीच नव्हते. जवळच्या रुग्णालयातून आलेले काही जखमी सैनिक पार दुसऱ्या टोकाला, उन्हात, कुबड्या बाजूला ठेवून सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले होते. आवाज मात्र आला होता. खरखरीत, तंबाखूने जळलेला.

"कपाटा, मागं बघ."

मित्रोफानकाकाचा आवाज. समुद्रकाठच्या त्यांच्या शहरात, बंदरात क्रेन चालवणारा हा म्हातारा पंधरा वर्षे तिथल्या मैदानावर घरच्या प्रत्येक सामन्याला चौथ्या रांगेत, खांबाखाली बसायचा आणि तेव्हा बचावफळीत खेळणाऱ्या हेन्नादीच्या नावाने ओरडायचा. हेन्नादी उंच, रुंद आणि वळायला जड, म्हणून कपाट. चेंडूकडे बघता बघता खांद्यावरून मागे नजर टाकायचे तो विसरायचा आणि पाठीमागून एखादा चपळ पोरगा निसटून जायचा. ओरडा ऐकला की हेन्नादी न वळता हात पाठीमागे न्यायचा आणि मुठीतून, दोन बोटांच्या मधून, अंगठा काढून दाखवायचा, 'घे ठेंगा' अशी तिकडची खूण. त्यावर काका खोकला लागेपर्यंत हसायचा.

राजधानीतल्या मोठ्या फुटबॉल क्लबने हेन्नादीला एक हंगाम नेले होते. तिथे हजारो लोक यायचे, पण त्याच्यावर ओरडायला कोणी नव्हते. तो बहुतेक बाकावरच बसला आणि परत आला. पहिल्याच सामन्यात चौथ्या रांगेने त्याचे स्वागत केले होते, की कपाट परत आलं, राजधानीत जिन्यावरून वर गेलं नसणार.

मग गुडघा गेला, तो प्रशिक्षक झाला. मग युद्ध आले आणि समुद्रकाठचे ते शहर शत्रूच्या हाती पडले. निसटून आलेला क्लब एका बसमध्ये मावला. आता 'घरचे' सामने समुद्रापासून दूर, विन्नित्सा शहराजवळच्या या उसन्या मैदानावर होत. काका निघाला नव्हता. मी क्रेन सोडून कुठे जाऊ, म्हणाला होता.

या वसंतात त्याचा आवाज ऐकू येऊ लागला. एखाद्या स्फोटाने कानाला काही झाले असेल म्हणून हेन्नादीने कानाच्या डॉक्टरांना दाखवले. कान ठणठणीत निघाले. मग त्याने कोणालाच काही सांगितले नाही. आवाज यायचा तो बरोबर वेळेला. तो ऐकला की बचावात भोक कुठे पडले आहे ते हेन्नादीला दिसायचे.

आज निदान बरोबरी हवी होती. हरले तर संघ श्रेणीतून बाहेर जाणार होता, आणि बाहेर गेलेल्या संघाला पोसणार नाही असे मालकांनी स्पष्ट सांगितले होते. त्या शहराच्या नावाने या बाजूला उरलेले होते ते एवढे अकरा शर्ट.

उत्तरार्धात, एक-एक असताना, हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. दोन्ही संघ, पंच आणि कुबड्यांवरचे सैनिक शेजारच्या शाळेच्या तळघरात उतरले. माकार, हेन्नादीसारखाच रुंद असलेला बचावपटू, पहिलीच्या बाकात गुडघे कोंबून बसला होता. लहानपणी जुन्या मैदानात तो रेषेबाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचा. आता बाकातून बाहेर कसा काढायचा यावरून बाकीचे त्याची खेचत होते.

सहायक प्रशिक्षक स्लाविक, एके काळचा गोलरक्षक, हेन्नादीजवळ सरकला.

"हेना, तुला सामन्यानंतर सांगणार होतो. मित्रोफानकाका गेला."

"कधी?"

"गेल्या शरदात. त्याची शेजारीण आता तिथून बाहेर पडली, म्हणून कळलं."

हेन्नादीने पाण्याच्या बाटलीचे झाकण घट्ट लावले. मग उघडले. मग पुन्हा लावले.

"शरदात," तो म्हणाला. "नक्की?"

"पहिल्या थंडीत पुरला म्हणे. का रे?"

"काही नाही."

सामना पुन्हा सुरू झाला. हेन्नादी रेषेजवळ, प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला. बियांची टरफले फुटत होती, कुठेतरी कुत्रे भुंकत होते. मागून काहीच येत नव्हते. प्रतिस्पर्ध्यांनी दोनदा बचाव फोडला आणि दोन्ही वेळा गोलखांबाने वाचवले. पोरे दमली होती. हेन्नादी पाहत होता, पण भोक दिसत नव्हते. त्याचे सगळे लक्ष कानांत होते.

शेवटच्या मिनिटांत डावीकडून उंच चेंडू आला. माकार मान वर करून त्याच्याकडे पाहत होता, फक्त त्याच्याकडे. त्याच्या पाठीमागून एक बुटका आघाडीचा खेळाडू धावत निघाला. हेन्नादी कान देऊन उभा राहिला. आता आवाज येईल. आता.

आला नाही.

"कपाटा, मागं बघ."

स्लाविक दचकला आणि त्याने वळून चौथ्या रांगेकडे पाहिले. घसा खरवडला गेल्यावरच हेन्नादीला कळले की ओरडला तो होता.

माकारने खांद्यावरून मागे पाहिले, एक पाऊल मागे घेतले आणि त्या बुटक्याच्या डोक्यावरून चेंडू थेट बाहेर धाडला. थोड्याच वेळात पंचांनी शिट्टी वाजवली. एक-एक. पोरे जिथे होती तिथेच गवतावर पडली.

माकार सगळ्यात आधी उठला. प्रशिक्षकाकडे पाठ करून तो गोलरक्षकाला उठवायला निघाला, आणि जाता जाता त्याने हात पाठीमागे नेला. मूठ. दोन बोटांच्या मधून अंगठा.

मागे कोणीतरी हसले. हसता हसता खोकला लागला, आणि तो बराच वेळ थांबेना.

स्लाविक अजून तिकडेच पाहत होता. हेन्नादी वळला नाही. तो मैदानाकडे तोंड करून उभा राहिला, खोकला थांबेपर्यंत.