जर्मन दुर्बिणीतली रेघ

आमच्या घरात बोलायचं मी आणि ऐकायचं ह्यांनी, अशी वाटणी लग्नाच्या पहिल्याच वर्षी झाली. तेव्हा ही गोष्टही मीच सांगणार. गाव ह्यांना पुना आबा म्हणतं. गाव म्हणतं म्हणून सांगितलं, मी नाव घेतलं असं कोणी म्हणू नका.

हे सतरा वर्षं फौजेत होते आणि पलटणीत नेमबाज म्हणून गाजलेले. पेन्शन घेऊन भडगावजवळ गावी आले, गिरणाकाठच्या जमिनीत ऊस लावला आणि पहिल्याच वर्षी रानडुकरांनी अर्धा ऊस आडवा केला. डुक्कर ऊस खातं थोडा, नासवतं फार. मग ह्यांनी पीकरक्षणाचा परवाना काढला, तीनशे पंधराची रायफल आणली आणि तेव्हापासून आमच्या शिवारातला बठ्ठा, सगळाच्या सगळा ऊस ह्यांच्या जिवावर उभा राहिला. कोणाच्याही वावरात डुक्कर शिरलं की माणूस आमच्या दारात. हे हातातला चहाचा कप खाली ठेवून उठायचे. कधी कोणाला नाही म्हटलं नाही आणि कधी दुसरी गोळी झाडावी लागली नाही.

पण वय काय फौजेचं ऐकतं? साठी जवळ आली तशी ह्यांची नजर उतरायला लागली. कंदिलाभोवती रंगीत कडं दिसतं म्हणाले. एकदा भर दुपारी दारात आलेल्या कमलबाईला, म्हणजे आमच्या शेजारणीला, पलीकडच्या वावरातला तोताराम समजून 'या तोतारामभाऊ' म्हणाले. कमलबाई पोट धरून हसली. मीही हसले. तोवर हसण्यावारी नेण्यासारखंच होतं.

पौषातली गोष्ट. दिवस मावळला होता, हे उसाच्या बांधावर बसले होते आणि मी किटलीतून चहा घेऊन गेले. ह्यांनी हातानेच मला थांबवलं आणि रायफल खांद्याला लावली. मी समोर पाहिलं. बांधाच्या पलीकडे कमलबाई गवत कापत होती. थंडीसाठी डोक्यावरून काळ्या घोंगडीची खोळ घेतलेली, वाकलेली, पाठ आमच्याकडे. मी किटली टाकली आणि दोन्ही हातांनी नळी खाली दाबली. हे संतापले, काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुमच्या पायाशी साप आहे. हे बिचारे काठी घेऊन अंधार पडेपर्यंत साप शोधत राहिले आणि मी सांडलेल्या चहाकडे बघत उभी राहिले.

कमलबाईला आजतागायत यातलं काही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ताक मागायला आली तेव्हा मी तिला लोण्याचा गोळाही दिला. तिला वाटलं, आज अक्काला मायेची भरती आली.

तुम्ही म्हणाल, नवऱ्याला सरळ सांगायचं. सांगितलं असतं तर बंदूक हातून सुटली असती, पण माणूसही हातचा गेला असता. मला माझा माणूस ठाऊक आहे. आपण बाईवर नळी धरली हे कळलं असतं तर ह्यांनी अन्न सोडलं असतं. म्हणून मी झाकली मूठ झाकलीच ठेवली. बंदूक ह्यांच्या हातून सुटायला हवी होती, पण ती कमलबाईच्या नावाने नाही.

आणि ह्यांनी काय काढावं? चार दिवसांनी म्हणाले, नजर जरा कमी पडते, रायफलीला दुर्बीण बसवतो. दुखणं डोळ्याचं आणि औषध बंदुकीला. मी म्हटलं, मीही येते.

पाचोऱ्याहून गाडी धरून आम्ही जळगावला केवलचंदच्या दुकानात गेलो. केवलचंद जैन माणूस, चष्म्यांचं आणि घड्याळांचं दुकान. कुठल्याशा साहेबाच्या सामानातली दुर्बिणींची पेटी त्याने विकत घेतली होती आणि तीत बंदुकीवर बसवायच्या दोन नळ्या निघाल्या. त्याच्या बायकोने, सज्जनबाईने, त्या घरात येऊ दिल्या नाहीत म्हणून दुकानात खालच्या फळीवर पंच्यात गुंडाळून ठेवलेल्या. आणि हा भला माणूस तोंडाने बंदूक हा शब्द काढेना. 'तुमचं ते लाकडी काम', असं म्हणायचा. काचेला पाप नसतं, एवढंच त्याने आम्हाला दोनदा सांगितलं.

एक नळी जर्मन होती, एक जपानी. दोन्हींत फुली, दोन्हींना फिरवायची कडी, कडीवर आकडे. आकडा वाढवला की समोरचं मोठं दिसायचं. वरून बघावं तर सख्ख्या बहिणी. केवलचंदने त्या उशीवर टेकवल्या आणि समोरच्या कापडदुकानाच्या पाटीवर रोखून मला आणि ह्यांना आळीपाळीने पाहायला लावलं.

जर्मन नळीत पाटी मोठी केली की फुलीही मोठी होत जायची. सहाच्या आकड्यावर चांगली सुतळीसारखी जाड. पाटी लहान केली की फुलीही बारीक, अगदी केसासारखी. जपानीत तसं नव्हतं. पाटी लहान करा, मोठी करा, फुली आपली होती तशीच.

केवलचंदने समजावलं ते मला नीट आठवतं. फुलीच्या रेघेवर बारीक खुणा होत्या. जर्मनमध्ये रेघ चित्राबरोबर वाढते आणि आटते, म्हणून दोन खुणांमधली जागा शंभर पावलांवर एक हात असेल, तर कुठल्याही आकड्यावर एक हातच. जनावर किती लांब आहे ते खुणांवरून कधीही मोजता येतं. जपानीत मात्र ते माप एका शेवटच्या आकड्यावरच खरं, बाकी आकड्यांवर फसवणार.

फौजी माणसाला हे ऐकून हुरूप आला. अंतर मोजणं म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. पण केवलचंद प्रामाणिक. त्याने विचारलं, आबा, तुमचं काम किती अंतरावरचं? हे म्हणाले, चाळीस-पन्नास पावलं, तिन्हीसांजेला. मग तो म्हणाला की एवढ्या जवळ मोजायचंय काय? तिथे लहान आकडाच ठेवावा, म्हणजे आजूबाजूचं सगळं दिसतं. आणि लहान आकड्यावर जर्मनची रेघ केसाएवढी होते, कमी उजेडात ती दिसायची नाही. उसासाठी जपानी घ्या.

खरं बोलला. मी अडाणी नाही, सातवी शिकलेले आहे, मला सगळं कळलं. ह्यांनी लहान आकड्यावर जर्मन डोळ्याला लावली आणि बराच वेळ बघून म्हणाले, "हिच्यात फुली कोठे शे?"

दुपारचे बारा वाजले होते. रस्त्यावर लख्ख ऊन. मला त्या नळीत फुली स्पष्ट दिसली होती. केवलचंदने ह्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चष्मेवाला तो, त्याला मोतीबिंदू सांगावा लागत नाही.

आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं. रेघ दिसली नाही तर हे गोळी झाडणार नाहीत. नेम न धरता चाप ओढायचा हे ह्यांच्या रक्तात नाही. डोळे गेले असं कोणी म्हणायला नको, दुर्बीणच वाईट निघाली म्हणतील आणि रायफल आपसूक खुंटीला जाईल. मी पदर सावरला आणि जर्मनचे गोडवे गायला लागले. जर्मन माल तो जर्मन माल. माप खरं म्हणजे खरं, एका आकड्यावर खरं आणि बाकी आकड्यांवर खोटं, असली वस्तू आपल्या घरात नको. केवलचंद गडबडला. "अक्का, यांना ती जमणार नाही," म्हणून हळूच पुटपुटला. मी त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. आधी त्याला उमगेना, आणि मग त्याचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. त्याने जर्मन नळी स्वतःच्या हाताने पुसून बांधून दिली. बंदूक थांबवायचं इतकं सोपं पुण्य त्याला दुकानात बसून कधी मिळालं नसेल.

त्याआधी हे मात्र दोन्ही नळ्या हातात घेऊन अर्धा तास बसले होते. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, तू म्हणतेस तर जर्मन.

धुळ्याला शालिग्राम मिस्त्री बंदुकांची कामं करायचा. त्याने ती रायफलीवर बसवून दिली आणि शिमग्याच्या आधी एका सकाळी हे नदीच्या पात्रात नेम जुळवायला गेले. दरडीला मडकं टेकवलं. निम्मं गाव बघायला जमलेलं. मी निर्धास्त. हे लहान आकड्यावर खूप वेळ धडपडले, मान हलवली. मग कडी फिरवली. फिरवत फिरवत सहावर नेली आणि पाचच्या पाच गोळ्या मडक्याच्या पोटात घातल्या.

माझ्या शहाणपणाला एवढं मोठं भगदाड. लहान आकड्यावर बारीक होणारी रेघ मोठ्या आकड्यावर जाड होते हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि नेमकं तेच विसरले. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आता ह्यांना रेघ झकास दिसत होती. रेघेपलीकडे काय आहे ते दिसायची मात्र बोंब. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोताराम तर म्हणाला, "आबा, आता माझ्या उसात मी बोट दाखवीन तिथे ठोका." ह्या तोतारामला स्वतःच्या उसासाठी प्रत्येक सावलीत डुक्कर दिसतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

त्यानंतर मी ह्यांना बांधावर एकटं सोडलं नाही. रोज चहाचं निमित्त. हे हसायचे, म्हणायचे, म्हातारपणी माया वाढली. मी म्हणायचे, हो, वाढली.

फाल्गुनातल्या एका सांजेला ऊस हलला. सूर्य बुडाला होता, पश्चिमेला थोडा तांबूसपणा होता. आमच्यापासून पन्नास पावलांवर उसाच्या कडेला काहीतरी काळं बाहेर आलं आणि थांबलं. ह्यांनी रायफल मांडीवरून उचलली, बांधावर टेकवली आणि कडी सहावर नेली. माझे हात नळीकडे जायला निघालेच होते, पण हे चाप ओढेनात. बघत राहिले, बघत राहिले. मग गाल लाकडावरून न उचलता म्हणाले,

"रेघ दिसस. मांगे काय शे, ते तू देख."

ह्यांनी तोंड बाजूला केलं आणि मी त्या नळीला डोळा लावला. आयुष्यात पहिल्यांदा. जाड काळी फुली आणि फुलीच्या मधोमध डुक्कर. चांगलं थोराड, पाठीवरचे केस उभे, जबड्यातून सुळा बाहेर, पायाखाली आमचाच ऊस. रेघ नेमकी पुढच्या पायाच्या फऱ्यावर. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ह्यांचा हात किती स्थिर आहे ते मला तेव्हा कळलं, आणि काळजात चर्र झालं. एवढा सोन्यासारखा हात आणि त्याला डोळा नाही.

खरं बोलायला एकच शब्द लागला असता. हे माझ्या शब्दावर गोळी घालणार होते आणि ती लागणारच होती. ऊस वाचला असता, गाव पुन्हा वाहवा म्हणालं असतं. पण आज माझ्या शब्दावर, तर उद्या तोतारामच्या. आणि परवा काळी घोंगडी घेऊन कोणी वाकलेलं असेल तर नळी दाबायला मी कुठे असेन?

"माणूस आहे," मी म्हणाले. "गवत कापतंय कोणीतरी."

ह्यांनी चापावरचं बोट काढलं. आणि तेवढ्यात तो माणूस मोठ्याने गुरगुरला. मग कांडं फोडल्याचा कडाकडा आवाज, मग मागून पिलांची किचकिच. ह्यांचे डोळे गेले होते, कान नाही. डुकराचं गुरगुरणं ह्यांनी झोपेतही ओळखलं असतं. मी मान खाली घालून बसले. आता बोलणी खायची तयारी ठेवली.

ह्यांनी रायफल मांडीवर आडवी घेतली. मग हळूच म्हणाले,

"त्या माणूसले सांग, पोटभर खाई ले अनी सावकाश घर जाय."

ह्यांनी रायफलीचा बोल्ट मागे ओढला, काडतुसं एकेक करून काढली आणि माझ्या हातात दिली. माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटवली. मला रडू आवरेना. पुढे डुक्कर आमचा ऊस खात होतं आणि आम्ही दोघं बसून ऐकत होतो. काही वेळाने हे म्हणाले, सकाळी भडगावच्या पोलीस ठाण्यात रायफल जमा करू आणि तिथूनच डोळे दाखवायला जळगावला जाऊ. मी हो म्हटलं आणि बांध उतरताना ह्यांचा हात धरला.